साधं की बिसलेरी?

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. मध्ये अडखळलो, खोकलो, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कुणी बसमध्ये असेल, कुणी जिममध्ये, कुणी घरी भांडी घासत ऐकत असेल. आज शेजारी पाण्याचा ग्लास ठेवूनच बसलोय, कारण विषयच पाणी आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करू. तुम्ही हॉटेलात बसता, वेटर येतो आणि मेनूकार्ड द्यायच्या आधी विचारतो, "साधं की बिसलेरी?"

आता बाटली कुठल्याही कंपनीची असो, आपल्याकडे तिला बिसलेरीच म्हणतात. मूळचं नाव इटलीचं. १९६५ मध्ये मुंबईत ते पाणी काचेच्या बाटल्यांमधून विकायला सुरुवात झाली आणि १९६९ मध्ये पार्लेच्या चौहान कुटुंबानं कंपनी घेतली. पाणी विकत कोण घेणार, असं तेव्हा लोकांना वाटलं असणार. आज माझ्या आईला साठ रुपयांची भाजी महाग वाटते, पण एसटी स्टँडवर पाण्याची बाटली ती न बोलता घेते.

तर प्रश्न, साधं की बिसलेरी? मी माझं उत्तर नीट बघितलं. कॉलेजचे मित्र सोबत असले की मी "साधं" म्हणतो. मॅनेजर असला की "बिसलेरी". एखाद्या मुलीला पहिल्यांदा भेटायला गेलो असेन तर वेटरनं विचारायच्या आधीच "बिसलेरी". तहान तीच, पोट तेच, उत्तर मात्र समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. म्हणजे हा निर्णय आपण फक्त तब्येतीसाठी घेत नाही. तरी कुणी विचारलं तर आपण तब्येतीचंच कारण सांगतो.

माझ्या डोक्यात हा किडा शिरला तो एका डॉक्टरांमुळे. आम्ही तिघं पुण्यात फ्लॅट शेअर करायचो. तिघंही आयटीत, तिघंही बाहेरगावचे. नळाचं पाणी आम्ही फक्त आंघोळीला आणि कपड्यांना वापरायचो. पिण्यासाठी जार, २० लिटरचा, ४० रुपयाला. दिवसाआड जारवाले काका खांद्यावर घेऊन दोन जिने चढायचे. मग एका रूममेटला कावीळ झाली. डोळे पिवळे, जेवण बंद, तीन आठवडे गावी. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

आम्ही जवळजवळ अभिमानानं सांगितलं, "जारचं, डॉक्टर."

ते म्हणाले, "जारचं हे मला कळलं. पण जारमध्ये कुठलं?"

तिघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं तेच पाणी पीत होतो. मोबाइल घेताना आम्ही प्रोसेसर, रॅम, कॅमेऱ्याचा सेन्सर, सगळं बघतो. आणि रोज तीन लिटर पोटात जातं ते कुठून येतं, हे माहीत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. कावीळ जारमुळे झाली असं मी म्हणत नाही. हिपॅटायटिस ए चा संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत त्या मुलानं पाणीपुरी खाल्ली होती, ऊसाचा रस प्यायला होता, एका लग्नाला जाऊन आला होता. गंमत म्हणजे आम्ही या सगळ्यांवर संशय घेतला. जारवर घेतला नाही. का? तर तो विकतचा होता.

मग एका शनिवारी मी जारवाल्या काकांना विचारलं, "काका, तुमचा प्लांट बघायला येऊ का?" ते हसले, म्हणाले, "या की." गेलो. पत्र्याची शेड, मागं बोअर, एक आरओ मशीन, एक चिलर. पाणी मशीनमधून येत होतं ते दिसायला स्वच्छ होतं. पण रिकामे जार परत येत होते त्यांचं काय? एक मुलगा प्रत्येक जारमध्ये तांब्याभर पाणी घालायचा, हलवायचा, ओतून द्यायचा, की जार भरायला तयार. मी त्या जारकडे बघत होतो. तो कुणाच्या घरी उन्हात पडला होता, कुणी त्यात हात घातला होता, काय माहीत. काका प्रामाणिक माणूस. म्हणाले, "दादा, पाणी आपलं चांगलंय. जार धुवायला मात्र माणूस टिकत नाही."

आता जरा तांत्रिक गोष्ट, पण कामाची. आपण "बाटलीतलं पाणी" म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतो.

पहिली, खरं मिनरल वॉटर. म्हणजे नैसर्गिक झऱ्याचं किंवा भूगर्भातलं, मूळच्या क्षारांसकट भरलेलं. त्याचं भारतीय मानक आयएस १३४२८. हे महाग असतं.

दुसरी, पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर. त्याचं मानक आयएस १४५४३. हे पाणी बोअरचं असू शकतं, नळाचंसुद्धा असू शकतं. ते गाळून, प्रक्रिया करून भरतात. स्टेशनवर आपण २० रुपयांच्या आसपास जी बाटली घेतो ती जवळपास नेहमी हीच. पुढच्या वेळी लेबल वाचा, "मिनरल वॉटर" असं त्यावर नसतं. ते आपण म्हणतो.

तिसरी, सुटा जार. ना सील, ना लेबल, ना तारीख, ना परवाना क्रमांक. आणि घराघरांत, ऑफिसांत, लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त हाच दिसतो. बाटलीची पत तो फुकट वापरतो. आपल्या डोक्यात समीकरण असं आहे, की विकतचं म्हणजे बाटलीचं, बाटलीचं म्हणजे शुद्ध. त्यात जारही बसून जातो.

बरं, सीलबंद बाटली तरी कायम निर्दोष होती का? फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं दिल्ली आणि मुंबईत विकल्या जाणाऱ्या बाटल्या तपासल्या. बहुतेक ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले. मोठा गदारोळ झाला आणि सरकारला निकष कडक करावे लागले. म्हणजे आजची बाटली तेव्हापेक्षा बरी असेल तर ती कुणीतरी तपासली, आरडाओरडा झाला, म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आमच्या ऑफिसातला प्रयोग. मी १२ जणांना तीन कपांत पाणी दिलं. एक सीलबंद बाटलीचं, एक जारचं, एक नळाचं. नळाचं उकळून गार केलेलं, कारण एका एपिसोडसाठी टीमला आजारी पाडायचं नव्हतं. कपांवर फक्त १, २, ३. विचारलं, कुठलं आवडलं? १२ पैकी ९ जणांनी बाटलीचं निवडलं. एक जण म्हणाला, "यात एक प्युअरनेस आहे."

मी खूश, एपिसोड झाला! तेवढ्यात आमच्या टीममधली टेस्टर म्हणाली, "अरे, बाटली तू फ्रिजमधून काढलीस. बाकीची दोन बाहेर होती. हे लोक चव सांगतायत की गारवा?" टेस्टर लोकांना उगाच पगार देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिन्ही पाणी रात्रभर एकाच फ्रिजमध्ये ठेवली आणि परत तोच खेळ. जारला ५, नळाला ४, बाटलीला ३. ज्याला प्युअरनेस लागला होता त्यानं नळाचं निवडलं. १२ माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण एवढं कळलं, की आपण ज्याला चव म्हणतो त्यात गारवा, आवाज करत तुटणारं झाकण आणि किंमत, हे सगळं मिसळलेलं असतं.

नळाच्या पाण्याविरुद्ध मुख्य तक्रार असते ती वासाची. तो वास क्लोरीनचा. आणि तो असायला हवा. पाणी प्लांटमधून निघून पाइपांतून तुमच्यापर्यंत येताना वाटेत जंतू शिरले तर त्यांना मारायला थोडं क्लोरीन शिल्लक ठेवतात. मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. गावी ग्रामपंचायतीचा माणूस नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघायचा, ती ओटी टेस्ट, ती हेच बघायला असते. पाणी रात्रभर माठात राहिलं की वास जातो. म्हणजे ज्या वासामुळे आपण नळ सोडला, तो वास पाण्याचा पहारेकरी आहे.

आणि दुसरा घोळ टीडीएसचा. दोन-तीनशे रुपयांचं मीटर आणून सगळे पाण्यात बुडवतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, बस्स. त्यात जंतू मोजले जात नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या पाण्याचा टीडीएससुद्धा १५० दिसू शकतो. मानकात ५०० पर्यंत चालतो. आमच्या नळाचा ९० च्या आसपास येतो, कारण पाणी धरणाचं आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं म्हटलं होतं, की जिथं टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथं आरओ वापरूच नये, कारण त्यात पाणी प्रचंड वाया जातं. तरी धरणाचं पाणी पिणाऱ्या आपल्या शहरांत घरोघरी आरओ आहे.

आरओ विकायला येणारा माणूस एक जादू करतो, पाहिलीय? दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. त्यात तो दोन सळ्यांचं यंत्र घालतो, वीज सोडतो. नळाचं पाणी तपकिरी, घाणेरडं होतं. आई म्हणते, "अगंबाई, हे पितोय आपण!" मंडळी, ती घाण पाण्यातली नाही. लोखंडाची सळी विरघळून गंज तयार होतो. क्षार असले की वीज वाहते आणि गंज येतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून काही होत नाही. महागातल्या मिनरल वॉटरमध्ये ते यंत्र घाला, तेही तपकिरी होईल. अकरावीचं केमिस्ट्री आहे हे. मी बीटेक झालो तरी पहिल्यांदा बघितलं तेव्हा फसलोच होतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं का? नाही. थांबा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं भारतीय मानक ब्युरोकडून दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांतलं नळाचं पाणी तपासून घेतलं. मुंबईचे १० च्या १० नमुने सगळ्या निकषांवर पास. दिल्लीचे सगळे ११ नमुने नापास. दोन्हीकडे नळच. तेव्हा "नळाचं पाणी" असं एक काही नसतं. कुठला नळ, हे विचारावं लागतं.

आणि पुण्याच्या लोकांना जानेवारी २०२५ विसरता येणार नाही. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायातली ताकद जाते, काही जणांना व्हेंटिलेटर लागतो. संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या पुढं गेला, काही माणसं गेली. दूषित पाण्यावर संशय आला. नांदेडच्या विहिरीतून जाणारं पाणी शहराच्या इतर भागांसारखं फिल्टर होत नव्हतं, नुसतं क्लोरीन टाकून सोडलं जात होतं. तिथल्या लोकांचा नळावर विश्वास उडाला तर त्यांची काही चूक नाही.

पण लोक नळ सोडून कुठं गेले? जारकडे. मग महापालिकेनं त्या भागातले खासगी आरओ प्लांट तपासले आणि फेब्रुवारीत सुमारे ३० प्लांट बंद केले. काहींना परवानगीच नव्हती, काहींच्या पाण्यात जंतू होते, काही क्लोरीनसारखं काही वापरतच नव्हते. घाबरून ज्याच्याकडे पळालो, तोही न तपासलेलाच निघाला.

हे सगळं झाल्यावर मी आमच्या सोसायटीत विचारलं, आपली टाकी शेवटची कधी धुतली? खालच्या टाकीवर ऑइलपेंटनं तारीख लिहिलेली होती. दोन वर्षांपूर्वीची. झाकण फुटलेलं, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि विटा. तीन फुटांवर ड्रेनेजचं चेंबर.

मी सेक्रेटरी काकांकडे गेलो. ते वाईट माणूस नाहीत. शांतपणे म्हणाले, "अरे, पिण्याचं पाणी तर सगळ्यांकडे जारचं येतं. मग टाकीवर कशाला खर्च?"

मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही, कारण त्यांचं गणित बरोबर होतं. आम्ही २४ फ्लॅट, सगळे जारवाले. टाकीबद्दल तक्रार करणारं कुणी उरलंच नव्हतं.

खाली आलो तर वॉचमन काकांची मुलगी नळाखाली बाटली भरत होती. शाळेची बाटली, गुलाबी. काका मराठवाड्यातले, कुटुंबासकट पार्किंगमधल्या खोलीत राहतात. त्यांच्याकडे जार येत नाही. मी विचारलं, "काका, हेच पाणी पिता?" ते म्हणाले, "हो दादा, दुसरं कुठलं?" मग म्हणाले, पोरीला सारखे जुलाब होतात, उन्हाचं असेल. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी, झाडूवाले, सगळे तेच पाणी पितात. आम्ही चाळीस रुपये देऊन त्या टाकीतून बाहेर पडलो होतो, आणि टाकी तशीच ठेवली होती ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी.

सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. निर्जंतुक बाटली घ्यायची, नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, भरायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. मी तीन नमुने दिले. महापालिकेची लाइन खालच्या टाकीत पडते तिथला, माझ्या किचनच्या नळाचा आणि जारचा.

रिपोर्ट आला. महापालिकेची लाइन, पिण्यास योग्य. जार, पिण्यास योग्य. किचनचा नळ, पिण्यास अयोग्य.

हो, जार पास झाला. ते लपवणार नाही. पण एक टेस्ट पास झाली म्हणून कोड बरोबर असतो का? उद्याचा जार कुणी धुतला ते मला कळणार नाही. आणि ज्या महापालिकेला आम्ही दोन वर्षं शिव्या देत होतो, तिचं पाणी आमच्या गेटपर्यंत चांगलं येत होतं. घाण गेटच्या आत, आमच्याच टाकीत मिसळत होती.

तो कागद मी मीटिंगमध्ये ठेवला. हिशोबही मांडला. २४ फ्लॅट, दिवसाआड एक जार, ४० रुपये. महिन्याला १४,४०० रुपये. दोन्ही टाक्या धुणं आणि नवीन झाकण, मिळून ७,२०० रुपये. फ्लॅटमागे ३००. पंधरा दिवसांच्या जारचे पैसे. सेक्रेटरी काकांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "उद्याच बोलावू माणूस." टाकी उपसली तेव्हा तळाशी वीतभर गाळ आणि एक पाल निघाली. आठवड्यानं परत नमुना दिला. किचनचा नळ, पिण्यास योग्य.

वॉचमन काकांच्या मुलीचं पोट त्या टाकीमुळेच बिघडत होतं का, ते मला सिद्ध करता येणार नाही. पण ती रोज ते पाणी पीत होती आणि ते अयोग्य होतं, एवढं कागदावर आहे. त्या तारखेच्या आधीच्या दोन वर्षांत मीही त्याच इमारतीत राहत होतो.

तर मंडळी, बाटली कधीच घेऊ नका असं मी सांगणार नाही. मी रेल्वेत घेतो, अनोळखी गावात घेतो. सील बघा, तारीख बघा, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक बघा, आणि रिकामी झाली की चुरगाळा, म्हणजे कुणी परत भरून विकणार नाही. उन्हात तापलेली घेऊ नका. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना बाटलीच्या एका लिटर पाण्यात प्लास्टिकचे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार सूक्ष्म कण सापडले. त्यांनी शरीराचं नेमकं काय होतं ते अजून ठरलेलं नाही, पण "बाटली म्हणजे शुद्ध" एवढं सोपं नाही, हे नक्की.

जार घेत असाल तर जारवाल्याला डॉक्टरांचा प्रश्न विचारा, "जारमध्ये कुठलं?" प्लांट बघा. घरी शंका असेल तर पाणी खळखळून उकळा, आजही त्यासारखा उपाय नाही.

आणि या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या सोसायटीच्या, हॉस्टेलच्या, पीजीच्या टाकीवर जा आणि शेवटची धुतल्याची तारीख बघा. तारीखच नसेल तर फोटो काढून ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये एक फोटो टाकीचाही जाऊ दे. आपण बाटली घेऊन गप्प बसलो, तर नळासाठी भांडणारं कुणी उरत नाही.

तुमच्या टाकीची तारीख मला मेसेज करून कळवा. सगळ्यात जुनी तारीख ज्याची निघेल त्याचं नाव न घेता पुढच्या भागात वाचून दाखवीन.

चला, माझा ग्लास संपला. नळाचंच होतं, माठातलं. भेटू पुढच्या शुक्रवारी. काळजी घ्या, पाणी प्या.